शौलाच्या डोक्यातलं गाणं

श्रोतेहो, प्रभू येशूच्या नावाने आपणा सगळ्यांना नमस्कार.

संगीत, मन आणि विश्वास यांवर बोला असं मला सांगितलं गेलं, तेव्हा डोळ्यांसमोर सगळ्यात आधी दावीद आला. मांडीवर वीणा घेतलेला कोवळा मुलगा आणि त्याच्यासमोर कपाळाला हात लावून बसलेला इस्राएलचा शौल राजा. बायबलमधल्या पहिल्या शमुवेलाच्या सोळाव्या अध्यायातलं हे दृश्य. राजाला काहीतरी छळतंय, सेवक सुचवतात की चांगला वाजवणारा शोधू या. दावीद येतो, वाजवतो आणि राजाला बरं वाटतं. संगीताचे फायदे सांगणारा प्रत्येक ख्रिस्ती वक्ता ही गोष्ट सांगतो आणि इथेच थांबतो. मीही अनेकदा इथेच थांबलोय.

आज मात्र दोन पानं पुढे जाऊ या. अठरावा अध्याय. शत्रूचा, म्हणजे पलिष्ट्यांचा, धिप्पाड योद्धा गल्याथ दाविदाच्या हातून पडलाय, सैन्य परततंय आणि गावोगावच्या बायका डफ वाजवत, नाचत रस्त्यावर आल्यात. त्या एकच ओळ आळीपाळीने गातायत: शौलाने हजारो मारले, दाविदाने लाखो. विजयाचं गाणं आहे, ठेका धरायला लावणारं आहे, आणि गाणाऱ्यांच्या मनात राजाविषयी काही वाईट असेल असं मला वाटत नाही. पण शौलाच्या कानात ती ओळ जाते ती बाहेर येतच नाही. दाविदाला लाखो आणि मला हजारोच? आता राज्याखेरीज त्याला मिळायचं उरलंय तरी काय? त्या दिवसापासून त्याची दाविदावर वाकडी नजर राहिली, असं वचन सांगतं.

आणि दुसऱ्याच दिवशी काय होतं बघा. दावीद रोजच्यासारखा वीणा वाजवतोय. तीच वीणा, तोच हात, तोच ऐकणारा. आणि ऐकणारा भाला फेकतो. पुढे एकोणिसाव्या अध्यायात पुन्हा तेच. दावीद वाजवत असतो, शौल भाला मारतो, दावीद निसटतो आणि भाला भिंतीत रुततो.

म्हणजे त्या खोलीत त्या वेळी दोन संगीतं चालू होती. एक वीणेचं, सगळ्यांना ऐकू येणारं. दुसरं शौलाच्या डोक्यातलं, फक्त त्यालाच ऐकू येणारं. आणि दुसरं जिंकलं.

गंमत म्हणजे ती ओळ तिथेच संपली नाही. एकविसाव्या अध्यायात दावीद जीव वाचवायला पलिष्ट्यांच्या गथ नगरात पळून जातो, तर तिथल्या राजाचे सेवक म्हणतात, याच्यावरच ते गाणं म्हणतात ना? एकोणतिसाव्या अध्यायात पलिष्ट्यांचे सरदार पुन्हा तेच गाणं काढतात. शत्रूच्या देशातसुद्धा पाठ झालेलं गाणं! आजच्या भाषेत सांगायचं तर ते प्रचंड हिट झालं होतं.

हे मी इतकं रंगवून सांगतोय, कारण मी स्वतः असा भाला फेकता फेकता वाचलोय. काही वर्षांपूर्वी माझं आणि माझ्या थोरल्या भावाचं बिनसलं. कारण क्षुल्लक होतं, दोघांचाही हट्ट मोठा होता. त्याच सुमारास मला एक गाणं सापडलं. आपल्या माणसानेच दगा दिला, अशा अर्थाचं. चाल सुंदर, आवाज अप्रतिम. जाता-येता इअरफोन लावून मी तेच ऐकायचो. संपलं की पुन्हा पहिल्यापासून. मला वाटायचं, मन मोकळं होतंय. प्रत्यक्षात दर फेरीला मला भावाविरुद्ध एक नवा पुरावा सापडत होता. लहानपणीच्या, मी केव्हाच विसरलेल्या गोष्टी आठवायला लागल्या. आठवड्याभरात माझी फिर्याद अशी भक्कम तयार झाली होती की काय सांगू.

आणि मग एका रात्री प्रार्थनेला गुडघे टेकले, डोळे मिटले, ‘हे स्वर्गातील आमच्या पित्या’ म्हटलं, आणि ‘आम्ही जशी आमच्या ऋण्यांस सूट दिली आहे’ इथे येईपर्यंत आतून त्याच गाण्याचं धृपद वाजायला लागलं. प्रभूच्या प्रार्थनेच्या मधोमध. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. पुन्हा त्याच ठिकाणी तेच. गाणं ऐकून तीन तास होऊन गेले होते. फोन दुसऱ्या खोलीत होता.

डोक्यात अडकून बसलेल्या गाण्याचा हा अनुभव सगळ्यांनाच येतो आणि मानसशास्त्रज्ञांनी त्याचा पुष्कळ अभ्यास केलाय. नुकतंच ऐकलेलं, पुन्हापुन्हा ऐकलेलं आणि सोप्या चालीचं गाणं असं सहज चिकटतं, आणि बहुतेक वेळा सगळं गाणं वाजत नाही, एक तुकडा वाजत राहतो. नेमका धृपदाचा. मन रिकामं असलं की हा तुकडा वर येतो: भांडी घासताना, वाट बघताना, झोप लागायच्या आधी. आणि प्रार्थनेच्या सुरुवातीलाही मन असंच रिकामं करून आपण बसतो ना!

म्हणून मला सध्या असं वाटतं की गाणं चालू असताना कसं वाटतं हा प्रश्न लहान आहे. गाणं बंद केल्यावर आत काय वाजत राहतं, हा मोठा.

आता तुम्ही म्हणाल, म्हणजे अमुक प्रकारचं संगीत वाईट आणि तमुक चांगलं, असंच ना? ढोल आला की सैतान आला, ऑर्गन वाजला की देवदूत आले? हा वाद मंडळ्यांमध्ये, म्हणजे चर्चमध्ये, पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे आणि खरं सांगू, मला त्यात फारसा रस उरलेला नाही. इटलीतल्या पाव्हियाच्या संशोधकांचा 2006 साली प्रसिद्ध झालेला एक छोटा अभ्यास आहे. 24 माणसं, त्यातली निम्मी वादक. त्यांना सहा वेगवेगळ्या प्रकारचं संगीत ऐकवलं आणि श्वास, रक्तदाब, हृदयाचे ठोके मोजले. लय जलद झाली की श्वास आणि ठोके वाढत. संगीत कुठल्या परंपरेचं आहे आणि ऐकणाऱ्याला ते आवडतं की नाही, याने फारसा फरक पडत नव्हता. शरीर लयीला उत्तर देतं. त्यात पाप नाही आणि पुण्यही नाही.

त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट निघाली, जी मला फार आवडते. संशोधकांनी मध्येच दोन मिनिटांची शांतता ठेवली होती. शरीर सगळ्यात जास्त निवांत झालं ते त्या दोन मिनिटांत. संगीत सुरू व्हायच्या आधी होतं त्याहूनही निवांत. स्तोत्रसंहिता, म्हणजे बायबलमधलं गीतांचं पुस्तक, वाचताना मधूनच ‘सेला’ हा शब्द येतो. स्तोत्रांमध्ये तो 71 वेळा आलाय. त्याच्या अर्थाविषयी विद्वानांमध्ये एकमत नाही, पण इथे थांबा, अशी ती गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांना सूचना असावी, असं पुष्कळांना वाटतं. आपण मात्र वाचताना तो शब्द भरभर ओलांडून पुढे जातो.

बरं, लयीचं झालं. अंगावर येणाऱ्या काट्याचं काय? उपासनेत गाणं टिपेला पोहोचतं, सगळी मंडळी एका आवाजात गाते, अंगावर सर्रकन काटा येतो, डोळे भरतात, आणि आपण म्हणतो, आज पवित्र आत्म्याने स्पर्श केला. केलाही असेल. पण 2011 साली कॅनडात माँट्रिअलच्या संशोधकांनी दाखवून दिलं की आवडत्या संगीताने असा काटा येतो तेव्हा मेंदूत डोपामिन हे रसायन स्रवतं, आणि ती उत्कट जागा येण्याच्या आधी, नुसत्या चाहुलीनेसुद्धा ते वाढायला लागतं. ही माणसं आपापल्या आवडीची गाणी ऐकत होती, त्याला उपासनेची गरज नव्हती. देवानेच हे शरीर घडवलंय, तेव्हा डोपामिनही त्याचंच. मला त्याची अडचण वाटत नाही. अडचण होते ती पुढच्या आठवड्यात काटा आला नाही की. मग माणूस म्हणतो, देव माझ्यापासून दूर गेला. अहो, कदाचित गाणं नवीन होतं, नाहीतर रात्री झोप झाली नव्हती!

ही घालमेल आजची नाही. प्राचीन मंडळीतला थोर विचारवंत संत ऑगस्टीन याचा बाप्तिस्मा 387 साली मिलानमध्ये झाला. त्या दिवसांत मंडळीची गीतं ऐकून आपण किती रडलो, हे त्याने ‘कबुलीजबाब’ या आत्मकथनात लिहून ठेवलंय. आणि त्याच ग्रंथात पुढे तो कबूल करतो की गायलेल्या शब्दांपेक्षा आवाजानेच मी जास्त हेलावलो तर ते माझं पाप समजतो, अशा वेळी गाणं ऐकलंच नसतं तर बरं, असं वाटतं. पण तिथेच तो दुसऱ्या बाजूलाही झुकतो: त्या अश्रूंनी माझं भलंच केलं होतं की! शेवटी तो मंडळीतल्या गाण्याच्या बाजूने कौल देतो, पण जरा कुरकुरतच. मला हा कुरकुरणारा ऑगस्टीन फार जवळचा वाटतो.

आमोस संदेष्टा एवढा सौम्य नाही. पाचव्या अध्यायात देव म्हणतो, तुमच्या गाण्यांचा गोंगाट माझ्यापासून दूर करा, तुमच्या वीणांचा नाद मी ऐकणार नाही. गाणाऱ्यांचं सुरांत चुकलेलं नव्हतं. बाहेर गरिबांना तुडवत होते आणि आत गात होते, म्हणून.

आता एक शंका मला नेहमी विचारली जाते. ख्रिस्ती माणसाने उदास गाणी ऐकावीत का? विश्वासात आनंद हवा ना, मग सतत आनंदाचीच गीतं लावावीत. मला हा सल्ला क्रूर वाटतो. क्रूर हा शब्द मी विचार करूनच वापरतोय. नीतिसूत्रांच्या पंचविसाव्या अध्यायात लिहिलंय की दुःखी माणसापुढे गाणी गाणं म्हणजे थंडीच्या दिवसात त्याच्या अंगावरचं पांघरूण काढून घेणं. बाबेलच्या नद्यांकाठी बंदिवासात बसलेल्या इस्राएली लोकांनी तर वीणा झाडांना टांगून ठेवल्या. परक्या देशात परमेश्वराचं गीत कसं गावं, म्हणाले. घरात कोणी गेलंय आणि चार जण येऊन टाळ्या वाजवत हर्षाची गीतं गातायत, हे ज्याने भोगलंय त्याला मी काय म्हणतोय ते कळेल.

दीडशे स्तोत्रांपैकी एक तृतीयांशाहून अधिक विलापाची मानली जातात. अठ्ठ्याऐंशीव्या स्तोत्राचा तर शेवटही अंधारातच होतो. मग माझ्या त्या दगाबाजीच्या गाण्यात आणि यात फरक काय? दोन्हीकडे तक्रारच. फरक मला पुष्कळ दिवसांनी दिसला. ते गाणं भावाविषयी होतं, पण भावाला उद्देशून नव्हतं. ते कोणालाच उद्देशून नव्हतं. मी माझ्याशीच बोलत होतो आणि माझंच ऐकत होतो. तेरावं स्तोत्र उघडा: हे परमेश्वरा, हे असं कोठवर चालणार? तू मला कायमचा विसरणार काय? ही तक्रार भिंतीशी केलेली नाही. समोर कोणीतरी आहे.

आणि हे स्तोत्र आहे केवढं? सहा वचनं. पहिल्या दोनांत आक्रोश, मधल्या दोनांत मागणं, शेवटच्या दोनांत भरवसा, आणि अगदी शेवटी, मी परमेश्वराला गीत गाईन. संगीतोपचार करणारे लोक एक पद्धत वापरतात: रुग्णाची जी मनःस्थिती असेल तिच्याशी जुळणारं संगीत आधी लावायचं आणि मग हळूहळू लय आणि भाव बदलत न्यायचे. एकदम उड्या मारणारं गाणं लावलं तर खचलेलं मन दार लावून घेतं. तेरावं स्तोत्र तेच करतं. जिथे माणूस पडलाय तिथे जाऊन बसतं, मग हात देतं.

मी आता काय करतो, ते सांगतो. तुम्ही तसंच करा असं नाही. मन जड असलं की आधी जड गाणंच लावतो. पण एकदाच. पुन्हा लावायला बोट गेलं की स्वतःला विचारतो, हे मला कुठे नेतंय की नुसतं गोल फिरवतंय? झोपायच्या आधी शब्द असलेलं गाणं ऐकायचं असेल तर निवडून ऐकतो, कारण ते रात्रभर राहायला येतं. आणि फोनला आपोआप पुढचं गाणं लावू देत नाही. माझी उदासी ओळखून आणखी उदास गाणी पुरवण्याची त्याची तत्परता मला भोवलेली आहे.

येशूने शेवटच्या रात्री शिष्यांबरोबर गीत गायलं आणि मग ते जैतुनांच्या डोंगराकडे निघाले. शुभवर्तमान लिहिणारा मत्तय हे एका वाक्यात सांगतो. परंपरेप्रमाणे ते गीत 113 ते 118 या स्तोत्रांपैकी असणार. त्यांतलंच एक वाक्य आहे, बांधणाऱ्यांनी नाकारलेला दगड कोनशिला झाला. मला नेहमी वाटतं, गेथशेमाने बागेत, अटकेच्या आधी तो प्रार्थना करत होता आणि बाकीचे झोपलेले होते तेव्हा, त्यातली एखादी ओळ त्याच्या मनात घोळत असेल का? वचनात तसं काही लिहिलेलं नाही. पण गाणारा माणूसच होता तो.

माझी वेळ संपत आली. माझ्यानंतर निवेदक एक गीत लावणार आहेत. ते संपलं की जमल्यास रेडिओ दोन मिनिटं बंद ठेवा आणि आत काय उरलंय ते ऐका. भावाचं विचाराल तर आम्ही बोलतो आता, महिन्या-दोन महिन्यांनी भेटतोही. त्या गाण्याचा विषय मी त्याच्याकडे कधी काढला नाही. परवा जेवताना तो काहीतरी गुणगुणत होता. नीट कान दिला तर तेच धृपद. मी काहीच बोललो नाही, पुढची ओळ मात्र माझ्याही तोंडून निघून गेली.