द्राक्षाला पीएचआय, दुधाला काय?

(तासगाव परिसरातील दूध उत्पादकांसमोर एका पशुवैद्यकाने दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)

मंडळी, तुमच्यातल्या निम्म्या लोकांच्या घरी बागही आहे आणि गोठाही. सकाळी दूध संस्थेत दूध घालून आलेला माणूसच नंतर बागेत फवारणीच्या ब्लोअरवर बसतो. म्हणून मी आज पेनिसिलीनच्या शोधापासून सुरुवात करत नाही, तुमच्या फवारणीच्या वहीपासून करतो. २०१० साली वेलीची वाढ आवरणाऱ्या क्लोरमेक्वाटचे अंश सापडले आणि आपली द्राक्षं युरोपात अडकली. तेव्हापासून या भागात एमआरएल, म्हणजे मालात चालणारी औषधाच्या अंशाची कमाल मर्यादा, हे कुणाला शिकवावं लागत नाही. दुकानात नवी बाटली हातात घेतली की तुमचा पहिला प्रश्न असतो, ‘पीएचआय किती?’, म्हणजे फवारल्यावर काढणीपर्यंत किती दिवस थांबायचं. आणि तोच माणूस दुपारी गाईला अँटिबायोटिकचं इंजेक्शन झालं की संध्याकाळी दूध घालू का, एवढंसुद्धा विचारत नाही. घालून मोकळा होतो. जर्मनीतल्या गिऱ्हाइकासाठी आपण दिवस मोजतो, घरातल्या नातवासाठी मोजत नाही.

दुधाला पीएचआय आहे. औषधाच्या डब्यावर तो ‘विदड्रॉवल पीरियड’ म्हणून छापलेला असतो. २०१२ पासून आपल्या औषध नियमांत तो छापणं सक्तीचं आहे. एखाद्या औषधाचा नेमका काळ तपासून ठरलेला नसेल, तर दूध आणि अंड्यांसाठी किमान ७ दिवस आणि मांसासाठी किमान २८ दिवस धरायचे.

आता, मानेत दिलेलं औषध दुधात येतंच कसं? सुईतून गेलेलं औषध आधी रक्तात उतरतं. मग यकृत त्याची मोडतोड करतं, मूत्रपिंड ते बाहेर टाकतं आणि दुभत्या जनावरात कास ही बाहेर पडायची आणखी एक वाट असते. कासेतून तर रात्रंदिवस रक्त वाहत असतं. गंमत पुढेच आहे. रक्ताचा सामू (पीएच) ७.४ च्या आसपास आणि दुधाचा ६.६ च्या आसपास, म्हणजे दूध रक्तापेक्षा थोडं आंबट. त्यामुळे टायलोसिन, एरिथ्रोमायसिनसारखी सौम्य अल्कधर्मी औषधं कासेत शिरली की तिथेच अडकतात. दुधातलं त्यांचं प्रमाण रक्तातल्यापेक्षा जास्त होतं. पेनिसिलीन उलट वागतं, ते दुधात कमी उतरतं. म्हणून ‘माझ्या शेजाऱ्यानं तीन दिवस थांबून घातलं, काही झालं नाही’ या अनुभवाला अर्थ नाही. त्याचं औषध वेगळं, तुमचं वेगळं.

कमी उतरतं म्हणजे किती कमी? युरोपात दुधात पेनिसिलीनची मर्यादा किलोमागे ४ मायक्रोग्रॅम आहे. सडात सोडायच्या ट्यूबमध्ये २०० मिलिग्रॅम औषध धरा. ते सगळंच्या सगळं दुधात आलं, तर कागदावरच्या गणितानं ५०,००० किलो दूध मर्यादेला जाऊन टेकतं. दहा हजार लिटरचे पाच टँकर, एका ट्यूबमधून! प्रत्यक्षात सगळं उतरत नाही, पण आकडा लक्षात ठेवा. उकळून हे जात नाही. बहुतेक अँटिबायोटिक घरच्या उकळण्याला दाद देत नाहीत. विरजण लागत नाही, दही पातळ राहतं, तेव्हा वहिनी विरजणाला दोष देतात. कधीकधी दोष गोठ्यात असतो. विरजणातले जंतूही शेवटी जंतूच. औषध त्यांना वेगळं ओळखत नाही.

आणि एक चूक मला फार गोठ्यांत दिसते. दगडी (कासेची सूज) झाली, एका सडात ट्यूब सोडली, तेवढ्या एका सडाचं दूध बाजूला काढलं आणि बाकी तीन सडांचं कॅनमध्ये. हे चालत नाही. सडात सोडलेलं औषध रक्तात शोषलं जातं आणि दुसऱ्या सडांतून बाहेर येतं. चारही सडांचं दूध बाजूला काढायचं. गाय आटवताना, म्हणजे तिचं दूध बंद करताना, सोडायच्या ट्यूबा तर मुद्दाम लांब टिकणाऱ्या असतात. त्या दुभत्या गाईच्या सडात चुकूनही जाऊ देऊ नका, दोन्हींचे डबे वेगळ्या फळीवर ठेवा.

हे झालं औषध दिल्यानंतरचं. मुळात ते द्यायला हवं होतं का, हा माझ्या मते मोठा प्रश्न आहे. अँटिबायोटिक जिवाणूंवर चालतं. लाळ्या-खुरकूत, लंपी, तिवा (तीन दिवसांचा ताप) हे विषाणूंचे आजार आहेत. तिव्यात तर बहुतेक जनावर तीन दिवसांत आपलं आपण उठतं. तिसऱ्या दिवशी सुई दिलेली असते, म्हणून नाव सुईचं होतं. (असं फुकटचं श्रेय आम्ही डॉक्टर मंडळी नाकारत नाही, हेही खरं.) लंपीत गाठी फुटून जखमा चिघळल्या तर अँटिबायोटिकला काम असतं, ते त्या जखमांपुरतं. गोचीड तापात थायलेरिया असेल तर तो जिवाणूही नाही, विषाणूही नाही, तो रक्तातला परजीवी. त्याला बुपारव्हाकोन हे वेगळंच औषध लागतं. घटसर्प आणि फऱ्या हे मात्र जिवाणूंचे आजार. तिथे वेळेवर दिलेलं औषध जनावर वाचवतं आणि तिथे मी थांबा म्हणणार नाही.

दगडीत घाई करण्याआधी दुधाचा नमुना काढा, औषध द्यायच्या आधी. सड स्पिरिटच्या बोळ्यानं पुसा, पहिल्या दोन-तीन धारा सोडून द्या, मग निर्जंतुक बाटलीत घ्या आणि बर्फावर ठेवून प्रयोगशाळेत पाठवा. कोणतं औषध लागू पडेल ते कळायला दोन-तीन दिवस जातात. तोवर जनावर बघून डॉक्टर उपचार सुरू करतीलच, पण पहिलं औषध चाललं नाही तर दुसरं अंधारात निवडावं लागत नाही.

मात्रेबद्दल बोलतो, कारण इथे सगळ्यात जास्त गोंधळ आहे. ‘दहा एमएल दिलं’ याला काही अर्थ नाही. किती वजनाच्या जनावराला दिलं? टेप घ्या. छातीचा घेर इंचात, खांद्याच्या टोकापासून बसण्याच्या हाडापर्यंतची लांबी इंचात. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ६६०, की किलोत अंदाजे वजन. घेर ७२ आणि लांबी ६० असेल तर सुमारे ४७० किलो. लांब टिकणाऱ्या ऑक्सिटेट्रासायक्लिनची नेहमीची मात्रा दहा किलोमागे एक एमएल, म्हणजे या गाईला ४७ एमएल, आणि तीही एका जागी नाही, दहा-दहा एमएल वेगवेगळ्या जागी. आपल्याकडे वीस एमएलवर भागवतात. निम्म्याहून कमी मात्रेत अशक्त जंतू मरतात, दणकट उरतात आणि पुढची वीण त्या दणकटांची होते. हे गणित घरी सुई टोचण्यासाठी सांगत नाही. डॉक्टरांनी मात्रा सांगितली की तुम्हाला ती पडताळता यावी म्हणून सांगतो.

याच औषधाचं कॅल्शियमशी पटत नाही. ते कॅल्शियमला धरून बसतं, म्हणून कॅल्शियमच्या बाटलीत ते मिसळायचं नाही, आणि शिरेतून भसकन सोडलं तर जनावर कोसळू शकतं. मोठ्या गाईला तोंडातून अँटिबायोटिक देऊ नका, हेही त्यातलंच. तिच्या पोटातले जंतूच वैरण पचवतात. ते मेले की आधी रवंथ थांबतं.

विट्याकडची पोल्ट्रीवाली मंडळी असतील तर त्यांच्यासाठी: कोलिस्टिन. माणसावर बाकी काही चालेना, तेव्हा आयसीयूत काढतात ते औषध. कोंबड्यांची वाढ व्हावी म्हणून आपण ते खाद्यात घालत होतो. २०१५ साली चीनमधून बातमी आली की कोलिस्टिनला न जुमानण्याचा गुण एक जिवाणू दुसऱ्याला परस्पर देऊ शकतो. २०१९ मध्ये आपल्या सरकारनं अन्नासाठी पाळलेल्या प्राण्यांत त्यावर बंदी घातली. जुना साठा कुणाच्या शेडमध्ये असेल तर वापरू नका.

आता पैशाचं. पंधरा लिटरची गाय, पस्तीस रुपये दर, सात दिवस: ३,६७५ रुपये पाण्यात. हा खर्च औषधाच्या बिलात धरा, म्हणजे मन कचरणार नाही. आणि खर्च वाचवायचा तर धार काढल्यावर सड औषधी द्रावणात बुडवा आणि लगेच गव्हाणीत वैरण टाका. गाय अर्धा तास उभी राहिली पाहिजे. तेवढा वेळ सडाचं तोंड उघडं असतं, ती शेणात बसली तर जंतूंना दार मिळतं.

दोन चिठ्ठ्या आल्यात. ‘टाकायचं दूध वासराला पाजलं तर?’ नको. वासराच्या पोटात थोडं थोडं औषध रोज जाणं म्हणजे दणकट जंतूंची रोपवाटिकाच. गोबरगॅसमध्येही नको, तिथला गॅसही जंतूच करतात. विहिरीपासून लांब खड्डा घ्या.

दुसरी चिठ्ठी: ‘चुकून कॅनमध्ये पडलं तर?’ संस्थेच्या टाकीत ओतायच्या आधी सांगा, कॅन बाजूला ठेवायला लावा. आणि औषध चालू असलेली गाय नेहमी शेवटी पिळायची, तिची बादली वेगळी, पायात रंगीत दोरी. मशीन असेल तर कप धुतल्याशिवाय दुसऱ्या गाईला लावायचे नाहीत.