'कनेक्ट' आलं, पण फेडर हलेना

समोर बसलेल्यांत बरेचजण नाट्यगृहात नाहीतर बँक्वेट हॉलमध्ये साउंड सांभाळणारे आहात, म्हणून थेट कामाचंच बोलतो. समजा, पार्ल्यातल्या एका हॉलच्या रॅकमध्ये डीएसपी प्रोसेसर, म्हणजे हॉलचा आवाज सांभाळणारं डिजिटल यंत्र आहे, त्याच्या सीरियल पोर्टला फोन लाइनवरून डेटा नेणारा मोडेम जोडलाय आणि तुम्ही विरारला घरी लॅपटॉप उघडून बसलाय. डायल झालं, तो ओळखीचा चिरका आवाज आला, स्क्रीनवर 'कनेक्ट' उमटलं. पुढे काही नाही. म्यूट दाबा, फेडर (आवाज कमी-जास्त करायची पट्टी) ओढा, सॉफ्टवेअर म्हणतं यंत्र सापडत नाही.

अशा वेळी आपण लाइनला शिव्या घालतो. पावसाळा असला तर विचारूच नका. पण 'कनेक्ट' आलं म्हणजे दोन मोडेमचं आपसात जमलेलं आहे. लाइनवर खरखर असेल तर मोडेम वेग उतरवतात, ३३.६ किलोबिटचे १४.४ होतात, फेडर हलवायला तेवढे रग्गड झाले. आधी बघायचं ते पलीकडचा मोडेम आणि प्रोसेसर यांच्यामधल्या हातभर केबलकडे.

नऊ पिनच्या पोर्टवर मोडेम दोन नंबरवरून बोलतो, तीनवर ऐकतो. प्रोसेसरही दोनवरूनच बोलत असेल तर सरळ केबल चालत नाही, दोन-तीन उलटवलेली लागते. मॅन्युअल सापडत नाही? केबल काढा, प्रोसेसर चालू राहू द्या, मीटर डीसी व्होल्टवर घ्या. काळी प्रोब पाचवर (ती ग्राउंडची पिन), लाल आधी दोनवर, मग तीनवर. जिथे उणे तीन ते उणे पंधराच्या दरम्यान ठाम व्होल्टेज दिसेल, ती त्याची बोलण्याची पिन.

केबल बरोबर निघाली तरी पुढे गंमत आहे. मोडेमचं सेटिंग लॅपटॉपवरून 'एटी'ने सुरू होणाऱ्या आज्ञा टाइप करून भरतात. या आज्ञा १९८१च्या हेज स्मार्टमोडेमपासून चालत आल्या, आणि त्यात धरलेलंच आहे की मोडेमच्या पाठीशी संगणक बसलाय. म्हणून फोन आला की मोडेम पोर्टवर 'रिंग' असं चक्क लिहून पाठवतो. प्रोसेसरला ती चुकीची आज्ञा वाटते, काही प्रोसेसर तक्रारीचं उत्तर देतात. मोडेमचा एको चालू असेल तर तो तेच उत्तर परत त्याच्या तोंडावर फेकतो. दोघं भांडत बसतात, आणि तुमची आज्ञा येते तेव्हा प्रोसेसर भलत्याच अवस्थेत असतो. उपाय: एको बंद, एटीई०, 'रिंग', 'ओके' ही शेरेबाजी बंद, एटीक्यू१. क्यू१ नंतर 'ओके'सुद्धा दिसत नाही, आणि मोडेम मेला समजून लोक फॅक्टरी रीसेट मारतात. तसं करू नका.

तीन वायरच्या केबलमध्ये (बोलणं, ऐकणं, ग्राउंड) डीटीआर, म्हणजे 'यंत्र तयार आहे' असं मोडेमला सांगणारा सिग्नल नसतो. तो नाही म्हटल्यावर बरेच मोडेम फोनच उचलत नाहीत; त्यासाठी एटी&डी०. फ्लो कंट्रोल ('थांब, पाठव' असं एकमेकांना सांगण्याची सोय) बंद, एटी&के०. पहिल्या रिंगला उचलायला एटीएस०=१. सगळं झालं की एटी&डब्ल्यू, नाहीतर लाइट गेली की मेहनत गेली.

आता सगळ्यात चकवणारी गोष्ट. बहुतेक मोडेम पोर्टचा वेग शेवटच्या 'एटी'वरून ओळखतात. तुम्ही लॅपटॉपवर सेकंदाला ११५२०० बिट या वेगाला बसून सेटिंग भरलंत आणि प्रोसेसर ९६०० वर असला, तर मोडेम त्याच्याशी ११५२०० नेच बोलत राहणार. सेटिंग भरताना टर्मिनल (लॅपटॉपवरचा आज्ञा टाइप करायचा प्रोग्रॅम) प्रोसेसरच्याच वेगावर ठेवा.

ईपीएबीएक्सचं, म्हणजे इमारतीतल्या अंतर्गत टेलिफोन एक्स्चेंजचं थोडक्यात: डिजिटल एक्स्टेंशनवर मोडेम लावू नका, साधी अ‍ॅनालॉग लाइन मागा. कॉल वेटिंग बंद करून घ्या. त्याच लाइनवर वॉचमनच्या केबिनमध्ये समांतर फोन असेल तर तो काढा. रात्री त्याने रिसीव्हर उचलला की तुमचं कनेक्शन गेलंच.

फोरजी राउटर लावणाऱ्यांनी हसू नये. साध्या मोबाइल सिमला सहसा इंटरनेटवर स्वतःचा सार्वजनिक पत्ता मिळत नाही, एकाच पत्त्यामागे अनेक ग्राहक असतात, त्यामुळे बाहेरून आत शिरता येत नाही. तिथे हॉलमधल्या राउटरनेच बाहेर व्हीपीएन (इंटरनेटवरून जाणारा खासगी जोड) जोडायला हवा. राउटर ते प्रोसेसर हा तुकडा मात्र तिथेही वेगळा तपासावा लागतो, आणि तिथे नेटवर्कचं सीरियल पोर्टमध्ये रूपांतर करणारा सीरियल कन्व्हर्टर असेल तर वर सांगितलेली दोन-तीनची पिन पुन्हा आलीच.

मीटर आणि दोन केबल मी आणल्या आहेत. कुणी प्रोसेसर बरोबर आणला असेल तर पुढे या, मोजून बघू.