परवाना, ठासणीची बंदूक आणि लाखेचं सील

[दृश्य: ठाणे, कोर्ट नाका. सकाळची गर्दी.]

निवेदन:
बंदुकीचा परवाना कोण देतं? ठाणे जिल्ह्यात याचं उत्तर पत्त्यावर ठरतं. ठाणे शहर, भिवंडी, कल्याण, उल्हासनगर इथल्या रहिवाशाला ठाण्याचे पोलीस आयुक्त. वाशी-बेलापूरला नवी मुंबईचे आयुक्त. मुरबाड-शहापूरच्या शेतकऱ्याला मात्र जिल्हाधिकारी.

अर्ज ए-1 नमुन्यात. वय 21 पूर्ण हवं. ओळख, वय आणि पत्त्याचे पुरावे, शरीर आणि मन ठणठणीत असल्याचा डॉक्टरांचा दाखला. मग कागद स्थानिक पोलीस ठाण्यात जातात. अर्जदारावर गुन्हे आहेत का, भावकीत जमिनीचा वाद आहे का, धमकीची तक्रार खरी की अर्जासाठीच केलेली, हे तिथे तपासलं जातं. शस्त्र बाळगणं हा आपल्याकडे हक्क नाही. ती सरकारनं दिलेली परवानगी आहे. ती नाकारता येते आणि दिलेली काढूनही घेता येते.

शस्त्र कायदा 1959 चा. 2019 च्या दुरुस्तीनं तो बराच कडक झाला. एका माणसाकडे तीनऐवजी दोनच शस्त्रं. विनापरवाना शस्त्राला किमान शिक्षा एक वर्ष होती, ती दोन वर्षं झाली. वरातीत हवेत गोळ्या झाडून लोकांचा जीव धोक्यात घातला, तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. परवान्याची मुदत मात्र उलट वाढली, तीन वर्षांवरून पाच.

ही वाढलेली मुदत आम्हाला खटकते. पाच वर्षांत घर बदलतं, धंदा बुडतो, घटस्फोट होतो, दारू लागते. परवान्यावरचा फोटो तेवढा तोच राहतो.

[दृश्य: उल्हासनगर, रस्ता. रात्र.]

2 फेब्रुवारी 2024. उल्हासनगरच्या हिललाइन पोलीस ठाण्यात, वरिष्ठ निरीक्षकांच्या दालनात गोळीबार झाला. आरोप त्या वेळच्या एका आमदारांवर. सहाच दिवसांनी बोरिवली-दहिसर भागात एका माजी नगरसेवकाचा गोळ्या झाडून खून झाला. ते पिस्तूल मारेकऱ्याच्या अंगरक्षकाच्या नावावर होतं, असं तपासात समोर आलं.

या दुसऱ्या घटनेकडे नीट बघायला हवं. परवाना एका माणसाला, शस्त्र दुसऱ्याच्या हातात. शस्त्रांची संख्या तीनवरून दोन केली, उद्या एक केली, तरी कपाटाची किल्ली कोणाकडे असते हा प्रश्न तसाच राहतो. परराज्यातला परवाना घेऊन इथे नोकरीला आलेल्या रक्षकानं नव्या पत्त्याची नोंद करायची असते. ती झाली का, हे त्याला कामावर ठेवणाऱ्यानं विचारलंच पाहिजे, आणि पोलिसांनी त्या मालकाला.

आता घरातलं. पिस्तुलाचं मॅगझिन, म्हणजे गोळ्यांचा कप्पा, काढलं की पिस्तूल रिकामं झालं, असं बरेच जण समजतात. एक गोळी नळीच्या मागच्या टोकाशी, चेंबरमध्ये बसलेली असू शकते. साफ करताना सुटते ती हीच. म्हणून आधी मॅगझिन बाहेर, मग स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकणारा भाग, मागे, मग चेंबरमध्ये डोळ्यांनी बघायचं आणि बोट घालून चाचपायचं. या सगळ्यात नळी माणसाकडे नको आणि बोट ट्रिगरवर नको. क्रम उलटला, म्हणजे स्लाइड आधी ओढली, तर मॅगझिनमधली पुढची गोळी चेंबरमध्ये जाऊन बसते. काडतुसं वेगळ्या कुलपात ठेवायची.

[दृश्य: घणसोली गाव, जुनं कौलारू घर.]

नवी मुंबई 95 गावांच्या जमिनीवर उभी राहिली. रानडुकरांपासून पीक राखायला ज्यांनी ठासणीची बंदूक घेतली, त्यांच्या शेतावर आता इमारती आहेत. आजोबा गेले, बंदूक माळ्यावर राहिली. परवाना आजोबांबरोबरच संपला, हे घरात कोणाच्या डोक्यात येत नाही. मग ती आठवणीची वस्तू कागदोपत्री बेकायदा शस्त्र ठरते. अशी बंदूक विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून पावती घ्यायची. वारसाला हवी असेल तर त्यानं स्वतःचा अर्ज करायचा. मूळ धारकाचं वय 70 झालं किंवा शस्त्र बाळगून 25 वर्षं झाली, तर त्यांच्या हयातीतही वारसाच्या नावानं अर्ज करता येतो. सत्तरी ओलांडलेले धारक घरात असतील तर हे काम आजच करा.

[दृश्य: महामार्ग, नाकाबंदी.]

आणि देशी कट्टा. त्याला ना परवाना, ना अर्ज. महाराष्ट्रात पकडलेल्या कट्ट्यांचा माग पुन्हा पुन्हा मध्य प्रदेशातल्या बडवानी जिल्ह्यातल्या उमर्टी गावाकडे जातो. इथे शिक्षेचा आकडा वाढवून फार काही साधत नाही, कारण खटला शिक्षेपर्यंत पोचायलाच अडखळतो. पंचनाम्यात सील लावल्याची ओळ लिहायची राहून जाते. पंच फितूर होतो. मुद्देमाल कक्षातून कालिन्याच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेत पुडकं नेमकं कोणी, कधी नेलं याची नोंद तुटते. शस्त्र चालू स्थितीत होतं का, हा अहवाल उशिरा येतो. शिवाय शस्त्र कायद्याचं कलम 39: विनापरवाना शस्त्राचा खटला जिल्हा दंडाधिकाऱ्यांच्या, आयुक्तालयात पोलीस आयुक्तांच्या, पूर्वमंजुरीशिवाय चालतच नाही. मंजुरी देणाऱ्यानं शस्त्र किंवा अहवाल पाहिलाच नव्हता, असं उलटतपासणीत निघालं, की बचाव पक्षाचं अर्धं काम झालं.

1 जुलै 2024 पासून झडती आणि जप्तीचं चित्रीकरण बंधनकारक आहे. त्यात दोन गोष्टी स्पष्ट दिसल्या पाहिजेत: शस्त्र सापडलं ती जागा, आणि कापडी पुडक्यावर पंचांच्या सह्यांसह लागणारं लाखेचं सील. काही वर्षांनी न्यायालयात पुडकं उघडताना वकील पहिल्यांदा त्या सीलकडेच बोट दाखवतो.

[दृश्य: जिल्हा न्यायालयाचा व्हरांडा. हळूहळू अंधार.]