परळ मतदारसंघ कुठे गेला?

नमस्कार मंडळी. परळला राहणाऱ्या कुणालाही विचारा, तुमचा विधानसभा मतदारसंघ कुठला, तर जुनी माणसं पटकन 'परळ' म्हणतात आणि मग त्यांना आठवतं की अरे, तो आता नाहीच. 2009 पासून नाही. शिवडी आहे, भायखळा आहे, वरळी, वडाळा आहे, परळ नाही. मुंबई शहरात आधी 17 आमदार होते ते 10 झाले आणि उपनगरातले 17 चे 26 झाले, कारण 2001 ची जनगणना धरून हद्दी नव्याने आखल्या आणि तोवर माणसं बोरिवली-मुलुंडकडे राहायला गेली होती. परळ, नायगाव, माझगाव, चिंचपोकळी, नागपाडा, नावं गेली सगळी. हद्द हलवायची तर हलवा हो, पण शिवडी-परळ असं जोडनाव ठेवायला काय हरकत होती? मला हे अजून पटत नाही.

जोडनाव पूर्वी होतंच की. 1937 ला मुंबई प्रांताची निवडणूक झाली, इंग्रजांच्या 1935 च्या कायद्याखालची, विधानसभेच्या 175 जागा, त्यात एक शहरी मतदारसंघ होता 'भायखळा आणि परळ'. परत सांगतो, भायखळा आणि परळ. आता यातली गंमत ऐका. हद्द नुसती नकाशावर नव्हती, माणसामाणसात होती. एकाच गल्लीत हिंदू मतदार सर्वसाधारण मतदारसंघात, मुसलमान शेजारी मुस्लिम मतदारसंघात, युरोपियन आणखी तिसरीकडे, शिवाय गिरणी युनियनची जागा वेगळी, व्यापाऱ्यांची वेगळी, बायकांची वेगळी. भिंत एक, मतदारसंघ दोन. आणि मत कुणाला? भाडं, कर, शिक्षण यातलं काहीतरी दाखवता आलं तर. म्हणजे चाळीत राहूनही बरेच जण बाहेरच.

आता मला जे सांगायचंय ते. या भायखळा-परळमध्ये एकापेक्षा जास्त जागा होत्या आणि त्यातली एक दलितांसाठी राखीव. राखीव कुठून आली, तर 1932 च्या पुणे करारातून. त्या जागेसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले, आपल्या स्वतंत्र मजूर पक्षाकडून. पक्ष ऑगस्ट 1936 चा, म्हणजे वर्षाचाही झालेला नाही. परळ म्हणजे त्यांचं घरच, पोयबावडीच्या बीआयटी चाळीत किती वर्षं राहिलेले. आणि काँग्रेसने समोर कोणाला आणलं? पालवणकर बाळूंना. हो, तेच क्रिकेटवाले बाळू!

बाळू कोण होते ते नीट सांगतो. चांभार समाजातले, पुण्यात गोऱ्या साहेबांच्या क्लबवर पिचची निगा राखायचे. तिथे कॅप्टन ग्रेग नावाचा बॅट्समन, त्याला नेटमध्ये तासन् तास बॉल टाकायचे, आणि असं सांगतात की आउट केलं की ग्रेग आठ आणे द्यायचा. डावखुरी स्पिन. (डावखुऱ्या स्पिनरला बघण्यासारखं क्रिकेटमध्ये दुसरं काही नाही, हे माझं ठाम मत आहे, टी-ट्वेंटीवाल्यांनी रागवू नये.) मग हिंदूंच्या टीमने घेतलं, तेव्हा टीम धर्मावरून असायच्या. मैदानात बॉल सगळ्यांच्या हातात फिरायचा, पण चहाच्या वेळी बाकीचे पॅव्हेलियनमध्ये, आणि बाळूंना बाहेर, वेगळ्या मातीच्या कपात. एकाच टीमचे हो सगळे! 1911 ला भारताची टीम इंग्लंडला गेली तिथे या माणसाने 114 विकेट काढल्या. एकशे चौदा. तरी हिंदूंच्या टीमचं कॅप्टनपद त्यांना कधी मिळालं नाही, ते पुढे 1923 ला त्यांचा धाकटा भाऊ विठ्ठल याला मिळालं.

तरुणपणी बाबासाहेबांना या बाळूंचं फार कौतुक होतं. आणि पुणे कराराच्या कागदावर दोघांच्याही सह्या आहेत, आंबेडकरांची आणि पी. बाळूंची. ज्या कराराने ती जागा तयार झाली त्याच करारावर सही केलेली दोन माणसं पाच वर्षांत त्याच जागेसाठी समोरासमोर. मला हे वाचलं तेव्हापासून दोघांबद्दलही आदरच वाढलाय, कुणाची बाजू घेऊन मी बोलत नाही.

निकाल काय लागला? बाबासाहेबांना 13,245 मतं, बाळूंना 11,225. फरक 2,020 चा. एवढा नामांकित खेळाडू समोर असताना दोन हजारांनी.

आणि मत द्यायची पद्धतही तेव्हा वेगळी होती. जितक्या जागा तितकी मतं, आणि ती सगळी एकाच उमेदवाराला देता यायची. समजा तीन जागा, तर तुमची तीनही मतं एकालाच. छोट्या गटाला यात मोठा आधार. 1952 ला लोकसभेला बाबासाहेब मुंबई शहर उत्तरमधून उभे राहिले, तिथेही दोन जागा, पण एका उमेदवाराला एकच मत असा नियम झालेला, आणि राखीव जागेवर बाबासाहेब हरले, काँग्रेसचे नारायण काजरोळकर निवडून आले. पुढे 1961 च्या कायद्याने दोन-दोन जागांचे मतदारसंघच बंद झाले.

आता हद्दी परत हलायच्या आहेत. जागांची संख्या गोठवलीय ती 2026 नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत, मग हद्दी आखणारा परिसीमन आयोग मसुदा छापेल, हरकती आणि सूचना मागवेल, जाहीर सुनावणी घेईल. परळकरांनो, लालबागकरांनो, तेव्हा नावाचं लेखी द्या आणि सुनावणीला स्वतः जा.