गिरणीतल्या बायका आणि चार टन पालक

श्रोतेहो, नमस्कार.

मंडईत आता मेथीच्या जुड्या स्वस्त झाल्यात, म्हणून आज पालेभाजीविषयी बोलू. पण सुरुवात करू परळपासून.

1928 साली लूसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टरीण बाई मुंबईत आल्या. कापड गिरण्यांतल्या गरोदर बायकांना एक विचित्र पंडुरोग, म्हणजे रक्तक्षय, होत होता. रक्तातल्या तांबड्या पेशी नेहमीपेक्षा मोठ्या दिसायच्या, आणि त्यात कितीतरी बायका दगावायच्या. परळच्या हाफकिन संस्थेत काम करताना विल्सबाईंनी या बायका जेवतात काय, याची चौकशी केली. ताटात भाजीपाला जवळपास नव्हताच. मग त्यांनी मार्माइट, म्हणजे यीस्टचा स्वस्त अर्क, देऊन पाहिला आणि रक्त सुधारलं. 1931 मध्ये हे छापून आलं. त्या अर्कात नेमकं काय आहे, हे मात्र त्यांनाही ठाऊक नव्हतं.

ते कळायला आणखी दहा वर्षं गेली. 1941 साली अमेरिकेत टेक्सास विद्यापीठातल्या संशोधकांनी चार टन पालक घेऊन त्यातून ते द्रव्य वेगळं काढलं. तेच फॉलिक अॅसिड. चार टन! इतका पालक निवडायला कोण बसलं असेल, हा प्रश्न मला अजून पडतो.

हे जीवनसत्त्व पाण्यात विरघळतं आणि उष्णतेनं कमी होतं. म्हणून पालेभाजी आधी धुवा, मग चिरा. चिरून पाण्यात टाकून ठेवू नका. पालक, चाकवत शिजवलंत तर ते पाणी ओतून देऊ नका, वरणात घाला. खानदेश-विदर्भात कच्च्या मेथीचा घोळाणा करतात, कांदा, शेंगदाण्याचं कूट आणि तेल घालून. तो उत्तम. पाल्याचा कंटाळा असेल तर हरभरा, मूग, चवळी या कडधान्यांतही फॉलेट, म्हणजे अन्नातलं हेच जीवनसत्त्व, भरपूर आहे.

लोहाचं थोडं वेगळं आहे. पाल्यातलं लोह शरीराला सहजी लागत नाही. वर लिंबू पिळलं तर जास्त लागतं. जेवल्यावर लगेच चहा घेतलात तर कमी, कारण चहातली टॅनिन्स नावाची तुरट द्रव्यं लोहाला धरून ठेवतात. तासाभरानं घ्या, चहा कुठे पळून जात नाही. कॅल्शियमसाठी पालकावर विसंबू नका, त्यातलं ऑक्झॅलेट नावाचं द्रव्य ते अडवून धरतं. त्यापेक्षा शेवग्याचा पाला बरा. आणि फोडणीच्या तेलाला नावं ठेवू नका, पाल्यातलं बीटा कॅरोटीन, ज्यापासून शरीर अ जीवनसत्त्व बनवतं, ते अंगी लागायला थोडी चरबी लागतेच.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं 2024 च्या मार्गदर्शनात दिवसाला 400 ग्रॅम भाजी सांगितली आहे, पालेभाजी धरून. आपल्या ताटातली चमचाभर भाजी त्यात कुठे बसते, ते बघा.

दोन गोष्टी मात्र पक्क्या ध्यानात ठेवा. बाळाचा मज्जारज्जू पहिल्या चार आठवड्यांतच आकार घेतो, दिवस गेल्याचं कळायच्याही आधी, आणि त्याला फॉलिक अॅसिड लागतं. त्यामुळे डॉक्टरांनी दिलेल्या फॉलिक अॅसिडच्या गोळीऐवजी मेथी खाऊन भागत नाही. आणि बी-12 हे जीवनसत्त्व पाल्यात नसतं. दूध, दही, अंडी काहीच न घेणाऱ्यांनी त्याची गोळी कोणती घ्यायची, ते डॉक्टरांना विचारावं.

नमस्कार.