हत्यारं खाली ठेवताना

(व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

शेतकऱ्याची ती अवजारं, पण सुतार, गवंडी, फिटर यांची हत्यारं. पटाशीला कुणी सुतार अवजार म्हणताना मी तरी ऐकलेला नाही. आणि आपल्याच भाषेत ‘हत्यारं खाली ठेवली’ याचा अर्थ काय होतो? शरण गेला. अशा भाषेत वाढलेल्या माणसाला घरचे सांगतात, ‘आता वय झालं, ती हत्यारं देऊन टाका.’ मग तो चिडला की म्हणतात, म्हातारा हट्टी आहे.

मी फिटर. चौतीस वर्षं व्हाइससमोर, म्हणजे काम घट्ट धरणाऱ्या शिकंजासमोर, उभा राहिलो. नोकरीतून निवृत्त झालो त्याची तारीख माझ्याकडे कागदावर आहे. कामातून कधी निवृत्त झालो, ते विचाराल तर मला सांगता येणार नाही. हातकामात निवृत्ती एका दिवशी होत नाही. ती एकेका हत्याराने होते.

माझ्या बाबतीत पहिलं गेलं व्हर्निअर, म्हणजे बारीक माप घ्यायची सरकती पट्टी. ०.०२ मिलिमीटर वाचायचं म्हणजे खालच्या पट्टीची कुठली रेघ वरच्या रेघेशी तंतोतंत जुळली ते पाहायचं. पंचेचाळिशीनंतर मला शेजारशेजारच्या तीन रेघा सारख्याच जुळलेल्या दिसायला लागल्या. मी काय केलं? दिव्याला दोष दिला. वर्षभर दिवा बदलत होतो! मग गुपचूप डिजिटल घेतलं आणि सगळ्यांना सांगितलं की वेळ वाचतो.

प्रत्येक धंद्यात हा क्रम वेगळा असतो. इलेक्ट्रिशियनची आधी शिडी सुटते, वर पोऱ्या चढतो आणि हा खालून सांगतो. गवंड्याचे गुडघे जातात, त्यामुळे फरशी सुटते पण भिंत राहते. वर्षानुवर्षं काँक्रीट फोडायचा ब्रेकर नाहीतर ग्राइंडर धरलेल्या माणसाची बोटं थंडीत पांढरी पडतात, मुंग्या येतात, बारीक स्क्रू चिमटीत राहत नाही. कंपनांनी बोटांतल्या रक्तवाहिन्या आणि नसा दुखावतात, तो रोग आहे. आम्ही मात्र त्याला ‘वय’ म्हणून गप्प बसतो. सुताराला घण उचलायचा नसतो म्हणून तो बऱ्यापैकी टिकतो, पण मशीनच्या आवाजाने त्याचे कान आधीच गेलेले असतात.

हात असा थोडा थोडा मागे सरतो. अक्कल मात्र सरत नाही, उलट वाढतच असते. ड्रिल लोखंडात उतरताना आवाज बदलला की बिट आता मोडणार, हे मला आजही पलीकडच्या खोलीतून कळतं. घरच्यांना वाटतं, बाबा हत्यारांच्या पेटीत जीव अडकवून बसलेत. जीव पेटीत नसतो हो. डोक्यात इतकं शिल्लक आहे आणि ते बाहेर काढायचा रस्ता त्या पेटीतूनच जातो, ही खरी अडचण आहे.

आता एक कडू गोष्ट बोलतो. आमच्यातले निम्मे लोक हा प्रश्न एका वाक्यात उडवून लावतात: ‘मी गेल्यावर काय करायचं ते करा.’ ऐकायला मोठं विरक्त वाटतं. मला विचाराल तर हा आळस आहे, नुसता आळस. माझ्याबरोबर काम केलेला एक टूलमेकर होता, माझ्यापेक्षा दहा पटींनी चांगला. स्वतःचे गेज, म्हणजे माप तपासायचे नमुने, स्वतः बनवायचा. त्रिज्या तपासायच्या पत्र्याच्या फर्म्या तर त्याच्याकडे शंभरेक असतील, प्रत्येक हाताने घासून पुरी केलेली. एकीवरही आकडा नाही. कशाला हवा? त्याला बोटांनी कळायचं. तो गेल्यावर मुलांनी पेटी उघडली, आत पत्र्याचे वाकडेतिकडे तुकडे. ते वजनावर गेले. लोक मुलांना बोल लावतात. मी लावत नाही. त्या तुकड्यांना बापाने नाव दिलं नाही, तर मुलांनी ते कुठून आणायचं?

हे फक्त आपल्यासारख्यांचंच होतं असं नाही. अंतोनिओ स्त्रादिवारी घ्या. इटलीतल्या क्रेमोना गावचा व्हायोलिन बनवणारा. १७३७ साली वारला, नव्वदी ओलांडल्यावरही काम करत होता. त्याची निवृत्ती झालीच नाही म्हणायची. फ्रांचेस्को आणि ओमोबोनो ही दोन मुलं त्याच्याच कारखान्यात काम करायची, पण बाप गेल्यावर पाच-सहा वर्षांत तीही गेली. विचार करा, बाप नव्वदीपर्यंत कामाच्या बाकावरून उठत नाही, तर मुलांच्या हाती स्वतःचं असं काय लागणार? हा माझा तर्क आहे, पण कारखान्यात असे बाप मी पाहिलेत.

उरला पाओलो. तो कापडाचा व्यापारी. साचे, नमुने, कागदावरची मापं असं घरात बरंच पडून होतं. १७७५ च्या सुमाराला कोत्सिओ नावाच्या एका सरदाराने ते विकत घेतलं. तो स्वतः कारागीर नव्हता, व्हायोलिनांचा शौकीन होता. त्याच्या वारसांकडून १९२० साली ज्युझेप्पे फिओरिनी या व्हायोलिन बनवणाऱ्याने घेतलं आणि १९३० साली क्रेमोना गावाला देऊन टाकलं. आज ते तिथल्या संग्रहालयात आहे. म्हणजे बाक सोडल्यापासून पुन्हा कारागिराच्या हातात यायला त्या साच्यांना पावणेदोनशे-दोनशे वर्षं लागली, आणि मधला सगळा काळ ते टिकले ते एका शौकिनामुळे. आपल्या पेटीला असा सरदार भेटेल, या भरवशावर कुणी राहू नये.

त्यात मला सगळ्यात जवळची वाटते ती एक बारीक गोष्ट. साच्यांवर स्त्रादिवारीने आपल्यापुरती अक्षरं घातली होती: पी, पीजी, एस, अशी. त्याला तेवढं पुरेसं होतं. आज अभ्यासकांना त्यांचा अर्थ लावत बसावं लागतं. आमच्या टूलमेकरपेक्षा तो बरा म्हणायचा, निदान अक्षरं तरी लिहिली!

याच्या उलट टोकाची एक पेटी इंग्लंडमध्ये रॉचेस्टरच्या संग्रहालयात आहे. बेंजामिन सीटन नावाच्या मुलाला बापाने १७९६ साली सुतारकामाच्या हत्यारांचा सगळा संच विकत घेऊन दिला. मुलाने त्यासाठी सुरेख पेटी केली, आत काय काय आहे त्याची यादी लिहिली, आणि मग ती हत्यारं फारशी वापरलीच नाहीत. त्यामुळे अठराव्या शतकातल्या सुताराकडे काय काय असे, हे आज आपल्याला इतकं नीट कळतं. इतिहासाच्या अभ्यासकांना ती पेटी सोन्यासारखी. मला तिचा फोटो पाहून वाईट वाटतं. पटाशी धार लावून लावून आखूड होत जाते. माझ्या ओळखीच्या एका सुताराची आवडती पटाशी बोटाएवढी उरली होती. सीटनच्या पटाश्या अजून लांबच लांब आहेत.

म्हणून काचेच्या कपाटात हत्यारं मांडण्याच्या मी विरुद्ध आहे. ‘आजोबांची आठवण’ म्हणून रंधा वार्निश करून भिंतीवर लावतात. एखादा लावा, पण सगळी पेटी नको. वापरातल्या हत्याराला हाताचं नाहीतर डब्यातलं तेल लागत असतं. पडून राहिलेल्याला हवेतला ओलावा खातो, दांडा सुकून सैल होतो. काही न करता ठेवून दिलं म्हणजे जपलं, असं लोखंडाच्या बाबतीत होत नाही.

मग द्यायचं कसं? इथे मी फाईलचं, म्हणजे कानशीचं, सांगतो, कारण ते मला येतं. नवी फाईल लगेच पोलादावर चालवायची नाही. आधी पितळेवर, कारण पितळेला ताजे, तीक्ष्ण दात लागतात, बोथट फाईल त्यावरून नुसती घसरते. पितळेवर चालेनाशी झाली की तिला पोलादावर घ्यायची, तिथे ती आणखी बरीच वर्षं काम देते. तिथेही दात संपले की टोक ग्राइंडरवर घासून तिचा स्क्रेपर करायचा. घासताना निळी पडू द्यायची नाही, पाण्यात बुडवत राहायचं, नाहीतर पाणी उतरतं आणि कडकपणा जातो. स्क्रेपर झाला की तीच फाईल सगळ्यात नाजूक काम करते, सपाट पृष्ठभागावरचा, तपासणीचा रंग लागलेला उंचवटा तेवढा खरवडून काढते. एकाच फाईलची अशी तीन कामं होतात. तिला कुणी भंगारात टाकलं तर मी अजूनही भांडतो.

मी माझी पेटी याच हिशोबाने रिकामी करतोय. आधी जड मशीनं दिली. त्यात मन फारसं गुंतलेलं नसतं, आणि बॅटरीवरची तर ठेवून उपयोगच नाही, त्या मॉडेलची बॅटरी मिळेनाशी झाली की सगळंच वाया. देताना एक नजर मात्र टाकायची. कटिंगच्या चकत्यांवर मधल्या धातूच्या कडीला मुदत छापलेली असते. मुदत उलटलेल्या चकत्या मोडून फेका, कुणाला देऊ नका. डोकं फुललेली छिन्नी घासून मगच द्या, त्या फुललेल्या कडेची कपची उडून डोळ्यात जाते. गार्ड काढून टाकलेला ग्राइंडर तर देऊच नका, आपण तो तसा वापरला असला तरी. हसू नका, तुमच्यातल्या निम्म्यांनी वापरलाय.

ज्यांना कुणीच घेणारं नाही त्यांच्यासाठीही वाट आहे. ब्रिटनमधल्या ‘टूल्स फॉर सेल्फ रिलायन्स’ नावाच्या संस्थेचं उदाहरण घ्या. जुनी हत्यारं गोळा करायची, गंज काढायचा, दांडे बसवायचे आणि आफ्रिकेतल्या कारागिरांकडे पाठवायची, हे काम तिने १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून कितीतरी वर्षं केलं. ते बरंचसं स्वयंसेवक करायचे. पेटी सोडवत नसेल त्याने खरं तर अशा ठिकाणी जाऊन दुसऱ्यांच्या पेट्या साफ कराव्यात. आपली आपोआप सैल होते.

मोजायची हत्यारं मी मागे ठेवली होती. ती नुसती देऊन चालत नाहीत. एका ओळखीच्या पोराला मायक्रोमीटर दिला, तर पुढच्या महिन्यात बघतो तो दोन पट्ट्या चिकटवायला शिकंजासारखा आवळून ठेवलेला. ०.०१ मिलिमीटर मोजणारं हत्यार! राग आला, पण चूक माझीच. मी डबी दिली होती, माहिती दिली नव्हती. तोंडं पूर्ण मिटवून ठेवायची नाहीत, मध्ये फट ठेवायची. हातात फार वेळ धरायचा नाही, हाताच्या उबेने तो फुगतो. लांबी मोजायची ती २० अंश सेल्सिअसला, जगभर हेच ठरलंय. हे त्याला कुणी सांगायचं होतं? आता मी काहीही देतो तर त्याच हत्याराने एक काम समोर बसवून करून घेतो, आणि मगच हत्यार त्याच्या पिशवीत जातं. वेळ लागतो. चिडचिड होते, त्याचीही आणि माझीही. तो फाईल धरतो ते पाहून मला अजूनही डोळे मिटावेसे वाटतात. पण हात चालतोय तोवरच हे होईल. हात थांबल्यावर तोंडाने सांगून फाईल शिकवता येत नाही.

आणि त्या पोराने परवा विचारलं, ‘काका, हा स्क्रेपर कधी देणार?’ मी विषय बदलला. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी घेतलेल्या फाईलचा आहे तो. पितळ झालं, पोलाद झालं, आता पंधरा वर्षं स्क्रेपर आहे. इतका वेळ तुम्हाला देण्याचं शहाणपण सांगितलं, पण खरं सांगतो, आजही तो खिशात घालूनच आलोय. कार्यक्रम संपला की या टेबलावर ठेवतो. ज्यांना पाहायचा आहे त्यांनी हातात धरून बघा, धार जपून. आणि जाताना परत ठेवा, मी मोजून घेणार आहे.