प्रियोरातच्या वळणांवर

मंडळी, प्रियोरातला जाणार असाल तर नकाशावरच्या अंतरावर विसंबू नका. स्पेनच्या कातालोनियात, रेउस शहराच्या पश्चिमेला हा वाइनचा डोंगराळ मुलूख आहे. फालसेत ते ग्रातालॉप्स जेमतेम १० किलोमीटर, पण टी-७१० हा रस्ता घाई करूच देत नाही. एका वळणावर द्राक्षमळा डोक्यावर असतो, पुढच्या वळणावर तोच पायाखाली.

जागा बघून गाडी कडेला लावा आणि एक दगड उचला. माती अशी तिथे फारशी नाहीच. काळसर पाटीचा दगड, पापुद्रे सुटणारा, उन्हात अभ्रकाने चमचमणारा. तिथले लोक त्याला यिकोरेया म्हणतात (उच्चार मला अजूनही धड जमत नाही). पावसाचं पाणी त्यावर थांबत नाही, फटींतून खाली उतरतं. वेलीची मुळंही त्याच फटींतून पाण्याच्या मागे खोल जातात. वर पाहाल तर जुनी वेल गुडघ्या-मांडीएवढी. मांडव नाही, तारा नाहीत, नुसतं पिळवटलेलं बुटकं खोड. नियमाप्रमाणे हेक्टरी ६००० किलोच्या वर द्राक्षं घेता येत नाहीत, आणि कारिन्येना या द्राक्षजातीच्या म्हाताऱ्या वेली तर त्याच्या जवळपासही पोचत नाहीत. इथली वाइन एवढी दाट आणि महाग का, याचा निम्मा उलगडा घोट घेण्याआधी इथेच होतो.

उभ्या उतारावरच्या अशा मळ्याला म्हणतात कोस्तेर. तिथे ट्रॅक्टर चढत नाही, काही ठिकाणी आजही खेचरच नांगर ओढतं. अलीकडे यंत्रांनी कापलेल्या पायऱ्याही दिसतात. शेतकऱ्याची सोय होते, मान्य, पण त्या माझ्या डोळ्यांना खुपतात.

इतिहास थोडक्यात सांगतो. मोंतसांतच्या कड्याखाली स्काला देईचा मठ आहे, बाराव्या शतकातला. तिथल्या मठाधिपतीला म्हणायचे प्रायर, त्यावरून या मुलखाचं नाव पडलं. १८३५च्या सुमारास मठ ओस पडला. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला फिलॉक्सेरा किडीने मळे खाल्ले आणि गावं रिकामी झाली. १९८९ साली रेने बार्बिये, आल्वारो पालासिओस हे वाइन बनवणारे आणि त्यांच्या सोबत्यांनी ग्रातालॉप्समध्ये पहिली वाइन एकत्र केली आणि वेगवेगळ्या लेबलांखाली विकली. त्यानंतर जगाला या गावांची नावं कळली.

एक मात्र करा, जाण्याआधी फोन करा. लहान वाइनरीत मालकच छाटणी करतो, मालकच दार उघडतो. मी सप्टेंबरात, ऐन तोडणीच्या दिवसांत, न कळवता पोरेराला पोचलो. दाराला कुलूप. त्या गावात भिंतीभिंतींवर सूर्यघड्याळं रंगवलेली आहेत, तीच बघत बसलो. माझ्या घड्याळात दोन वाजत आले होते, भिंतीवर बारा. स्पेनचं घड्याळ मुळातच सूर्याच्या जवळपास तासभर पुढे, त्यात उन्हाळ्यात ते आणखी एक तास पुढे करतात. तेवढ्यात मालक आला, नखांपर्यंत जांभळा. त्याने हात न धुताच पिंपातली वाइन काढून दिली. गाडी मलाच चालवायची होती, त्यामुळे तोंडात घोळवून थुंकावी लागली. तो हसला, आणि उरलेला पेला स्वतःच संपवून परत मळ्यात गेला.